भाऊजींचे दात

माझं लग्न ठरायच्या वेळी वडील नाचणगावला घर पाहून आले आणि ओसरीत बसून आईला म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पुलगावात भांड्याचं दुकान आहे. लहान भाऊ जरासा भोळा आहे, पण त्याचा कोणाले तरास नाई." आमचं तळेगावचं शेतकऱ्याचं घर, माणसं मोजून बोलणारी. 'भोळा' या एका शब्दात काय काय मावतं ते मला सासरी आल्यावर कळलं.

भाऊजी, म्हणजे माझे दीर, तेव्हा तेवीस वर्षांचे होते. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, डोळ्यांच्या कडा किंचित वर ओढलेल्या. बोलणं थोडं आणि तेही घरच्यांनाच समजेल असं. डाउन सिंड्रोम हे नाव मी डी.एड.च्या पुस्तकात वाचलेलं होतं, म्हणून मला पाहताक्षणी ओळखू आलं. सासरी मात्र ते नाव कोणी घेत नसे. त्या घरात ते फक्त धाकटे होते. मला ते वैनी म्हणायचे, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वतःच्या ताटातला अर्धा आलूबोंडा काढून दिला होता.

रोज सकाळी ते यांच्यासोबत, म्हणजे माझ्या मिस्टरांसोबत, पुलगावच्या दुकानात जात. स्टीलचे पेले फडक्यानं पुसून एकावर एक रचत आणि रचताना मोठ्यानं मोजत. त्यांना दहापर्यंतच येतं. दहा झाले की बाजूला नवी थप्पी, पुन्हा एक. जुन्या गिऱ्हाइकांना हे माहीत होतं. पेले घ्यायला आलेली बाई आधी त्यांच्याशीच बोलायची.

सकाळी दुकानात जायच्या आधी सासूबाई त्यांना मागच्या अंगणात मोरीजवळ पाटावर बसवत. डाव्या हातानं हनुवटी धरायची आणि उजव्या बोटावर लाल मंजन घेऊन दात घासायचे. "आ कर. अजून मोठा. हं, आता मांगचे." मी त्या वेळी स्वयंपाकघरात डबे भरत असायची, कारण मलाही शाळा गाठायची असे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. दहा वर्षं ते दृश्य खिडकीतून माझ्या नजरेसमोर होतं, आणि दहा वर्षांत एकदाही मी त्याकडे काम म्हणून पाहिलं नाही.

सासूबाई पंधरा दिवसांच्या आजारात गेल्या. भाऊजी काही दिवस मोरीजवळच्या पाटावर जाऊन बसायचे, मग तेही बंद झालं. घरातली कामं आपोआप वाटली गेली. त्यांची आंघोळ, दाढी, कपडे यांनी उचलले. खाणं आणि थायरॉइडची गोळी माझ्याकडे आली. आम्ही दोघं एकमेकांना म्हणायचोही, की आईनं केलं तेवढं सगळं आपण सांभाळलं.

दीडेक वर्ष गेलं असेल. एका रविवारी त्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिसा जड लागला. पाहिलं तर फुटाणे, भिजून फुगलेले. दुकानाशेजारचा फुटाणेवाला त्यांना रोज मूठभर फुटाणे द्यायचा आणि ते संध्याकाळपर्यंत चघळत बसायचे. मी दुसरा शर्ट पाहिला. त्यातही तेच. म्हणजे बरेच दिवस ते फुटाणे घेत होते आणि खात नव्हते.

मग एकेक दिसायला लागलं. भाकर ते वरणात इतकी कुस्करत की तिचा काला व्हायचा. थंड पाण्याचा पेला तोंडाशी नेऊन खाली ठेवत. काही दिवसांनी बसल्या बसल्या ते उजव्या गालावर मुठीनं मारून घेऊ लागले. आम्ही हात धरला की जोरानं झटकून देत. ज्या माणसानं आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता, त्यानं एकदा दुकानात पेल्यांची थप्पी लोटून दिली.

नातेवाइकांना कारण लगेच सापडलं. आई गेली, त्याचं दुःख आता बाहेर निघून राह्यलं, असं एक मामा म्हणाले. एका आत्यानं नजर उतरवून टाकायला सांगितली. मी तीही उतरवली. नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. कोणी त्यांचं तोंड उघडून पाहिलं नाही. दुसऱ्यांना काय म्हणू? मी दर सोमवारी शाळेत पस्तीस लेकरांना ओळीनं उभं करून दात दाखवा म्हणते, आणि माझ्या घरातल्या माणसाच्या तोंडात काय चाललंय ते मला कळलं नाही.

गाल सुजला तेव्हा कळलं. डोळ्याखालपर्यंत सूज आली होती. हे त्यांना घेऊन पुलगावातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले, मीही शाळेतून परस्पर तिथे पोचले. लहानसा दवाखाना. डॉक्टर वयस्क, शांत. भाऊजींनी खुर्ची पाहिली, तिच्यावरचा दिवा पाहिला आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. यांनी आणि कंपाउंडरनं मिळून त्यांना बसवायचा प्रयत्न केला. भाऊजी ओरडले नाहीत, पण त्यांच्या अंगात कुठून एवढी ताकद आली कोण जाणे. शेवटी डॉक्टरांनीच हात वर केला आणि म्हणाले, सोडा त्यांना.

ते आम्हाला बाहेर घेऊन बसले. सुजेसाठी औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "चार जणांनी धरलं तर मी आज दात काढून देईन. पण मग हा माणूस जन्मात कोणत्या डॉक्टरपुढं तोंड उघडणार नाही. तुम्ही वर्ध्याला न्या. दातांच्या मोठ्या दवाखान्यात लेकरांचा विभाग आहे, तिथं दाखवा."

"लेकरायचा?" हे म्हणाले. "डॉक्टरसाहेब, त्याले पस्तिसावं लागलं आहे."

"माहीत आहे. अशा लोकांना पाहायचं शिक्षण त्याच डॉक्टरांना असतं. वय नका पाहू."

त्या डॉक्टरांचे मी आजही मनोमन आभार मानते. जे आपल्याला नीट करता येणार नाही ते करू नये, आणि जिथं होईल ती जागा सांगावी, एवढं त्यांनी केलं. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

औषधानं सूज उतरली आणि आम्ही एका मंगळवारी वर्ध्याला गेलो. लेकरांच्या विभागाच्या भिंतींवर हत्ती, ससे, दात घासणारी मगर अशी चित्रं होती. बुटके रंगीत बाक. त्या बाकांवर चार-पाच वर्षांची मुलं आणि त्यांच्यामध्ये आमचे भाऊजी, चौकड्यांचा शर्ट, कानशिलावर पांढरे केस. एका बाईनं आपली मुलगी जवळ ओढून घेतली. मला त्या क्षणी फार लाज वाटली, आणि लाज वाटल्याची अजून लाज वाटली.

समोरच्या बाजूला एक बाई चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मुलाचं तोंड रुमालानं पुसत होती. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल. हातपाय आखडलेले, मान एका बाजूला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "पैल्यांदा आल्या का?" मी हो म्हटलं. ती हिंगणीची होती. बोर धरणाच्या बाजूनं दोन गाड्या बदलून ती या मुलाला घेऊन तीन वर्षांपासून येत होती. तिनं मला सांगितलं, की आज काही होणार नाही, आज फक्त ओळख होईल, तेव्हा काही झालं नाही म्हणून निराश होऊन परत जाऊ नका. "मी पैल्या दिवशी रडत गेलती," ती म्हणाली. "दुसऱ्या डावात समजलं, का इथं घाई नाई करत."

आमचा नंबर आला. भाऊजी आतल्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि तिथेच त्यांनी चौकट धरली. हे त्यांच्या खांद्याला हात लावणार तोच आतून एक मुलगीच म्हणावी अशी डॉक्टर बाहेर आली. वरच्या शिक्षणासाठी तिथे असलेली, तिशीच्या आतली. तिनं आम्हाला थांबवलं. भाऊजींना आत या म्हणाली नाही. ती दाराबाहेर फरशीवर बसली, भिंतीला टेकून, आणि भाऊजी उभे होते तिकडे न पाहता यांना विचारू लागली: यांना काय आवडतं? काय येतं? कशानं भीती वाटते?

आजवर डॉक्टरांनी आम्हाला जे काही विचारलं होतं ते सगळं त्यांना काय येत नाही याबद्दल होतं. यांनी भाऊजींकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेले रचते. मोजते. दहालोक येते त्याले."

ती डॉक्टर भाऊजींकडे वळली. "खरंच? मोजून दाखवता, भाऊ?"

भाऊजींनी चौकट धरूनच दहापर्यंत मोजलं. तिनं खिशातून एक छोटा गोल आरसा काढला, दात पाहायचा, लांब दांडीचा. तो स्वतःच्या तोंडात धरला आणि भाऊजींना मोजायला लावलं. दहा झाल्यावर काढला. मग आरसा त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी तेवढंच झालं. परत येताना एसटीत तो आरसा भाऊजींच्या खिशात होता. तिनं घरी न्यायला दिला होता.

पुढच्या खेपेला आधी यांना खुर्चीवर बसावं लागलं. डॉक्टर म्हणाली, मोठ्या भावाचे दात मी मोजते, लहान भाऊ बघतील. आमचे हे चाळिशीतले, तांब्याचा बंब एकटे उचलणारे, पण खुर्ची मागे झुकली तशी त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले. आयुष्यात तेही कधी दातांच्या डॉक्टरकडे गेले नव्हते. भाऊजी बाजूला उभे होते. त्यांनी भावाची ती मूठ पाहिली, आपला हात तिच्यावर ठेवला आणि म्हणाले, "दादा, भेव नाई."

लहानपणापासून हे वाक्य त्यांना म्हटलं गेलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या कोणाला म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

यांचे दात मोजून झाल्यावर भाऊजी स्वतः खुर्चीवर चढले. डॉक्टरनं करार सांगितला: तुम्ही मोजा, दहा म्हटलं की माझा हात तोंडाबाहेर. आणि तसंच केलं. दहा अंक, हात बाहेर. थोडं थांबून पुन्हा दहा. एकदा ती एका दाताजवळ नेमकी काही तरी पाहत होती आणि दहा झाले. तिनं अर्ध्यातच हात काढला. ते पाहून भाऊजींच्या खांद्यांतला ताण कसा गेला ते मला दिसलं.

तपासून झाल्यावर तिनं आम्हाला बाजूला बसवलं. सहा दात वाचण्यासारखे नव्हते, त्यातल्या दोन दातांखाली पू होता. आणखी पाच कीड लागलेले, पण भरता येतील असे. मग तिनं साधेपणानं विचारलं, "घरी यांचे दात कोण घासून देतं?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटत होतं आंघोळीच्या वेळी हे घासतात. यांना वाटत होतं सकाळचा चहा मी देते तर त्याआधी मीच घासते. भाऊजींच्या हातात ब्रश आणि पेस्ट असायची, ती आम्ही दोघांनी पाहिली होती. ते पेस्ट चाटून ब्रश धुऊन ठेवत होते. दीड वर्ष.

"कोणीच नाही," मी म्हटलं. मी तिला हेही सांगितलं, की मी मास्तरीण आहे, लेकरांचे दात मी दर सोमवारी तपासते.

मला वाटलं आता ती बोलेल, आणि बोलायला हवंच होतं. तिनं फाइलीत काही तरी लिहिलं. मग म्हणाली, "त्याआधी कोण घासत होतं?"

"आई," हे म्हणाले.

"आईंनी फार चांगले ठेवलेत. डाउन सिंड्रोममध्ये हिरड्या लवकर खराब होतात. या वयाचे माझ्याकडे जे येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे अर्धे दात गेलेले असतात. यांचे बाकीचे दात बघा. कोणी तरी तीस वर्षं रोज मेहनत घेतल्याशिवाय असं तोंड राहत नाही."

हे उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते. माणसं, सामान, तेरवीची धावपळ यांतच ते दिवस गेले होते. त्या दिवशी मी बाहेर गेले तेव्हा ते खांबाला टेकून रुमालात तोंड लपवून उभे होते. सासूबाईंच्या कामाला त्या हयात असताना कोणी नाव दिलं नव्हतं. ते नाव एका अनोळखी मुलीनं दिलं, आणि तेही दातांवरून.

एवढे दात दहा-दहा अंकांत निघण्यासारखे नव्हते. डॉक्टरनं सांगितलं, की पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळं करावं लागेल. त्याआधी हृदयाची तपासणी होईल, कारण अशा माणसांच्या हृदयात जन्मापासून दोष असू शकतो. यांनी त्या वेळी मान हलवली, पण पुलगावच्या गाडीत बसल्यावर म्हणाले, "दातासाठी पुरी बेहोशी? नाई करत मी. आईले दवाखान्यात नेलं, ते परत आली नाई."

आठ दिवस तसेच गेले. मग मी हिंगणीच्या बाईंना फोन लावला. नंबर तिनं पहिल्याच दिवशी दिला होता. तिच्या मुलाला दोनदा भूल दिली होती. मी फोन यांच्या हातात दिला. ती यांच्याशी किती तरी वेळ बोलली, काय बोलली ते मला पुरतं माहीत नाही. फोन ठेवल्यावर यांनी एवढंच विचारलं, की तपासणीला कोणत्या वारी जायचं.

हृदय ठीक निघालं. ठरल्या दिवशी सकाळी भाऊजींना उपाशी ठेवणं हेच सगळ्यात अवघड गेलं. ते चहा मागत राहिले. आम्ही दोघांनीही चहा घेतला नाही. आत नेताना डॉक्टरनं यांना सोबत येऊ दिलं, भाऊजी झोपेपर्यंत. नाकातोंडावर मास्क ठेवला तेव्हा ती म्हणाली, मोजा भाऊ. सहाला त्यांचा आवाज थांबला, असं यांनी बाहेर येऊन मला सांगितलं.

दुपारपर्यंत सगळं काम नीट झालं. भाऊजी जागे झाले आणि रडायला लागले. तोंडात कापूस, ओठ सुजलेले. त्यांनी यांचा हात ढकलला. माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर जवळ आली तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत रडणं थांबलं, राग थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी घरी ते पातळ मुगाची खिचडी जेवले, दोन वाट्या. गालावर मारणं तर त्या दिवसापासूनच बंद झालं. आठवड्याभरात दुकानात पुन्हा पेल्यांच्या थप्प्या उभ्या राहिल्या. आमच्या दृष्टीनं सगळं पार पडलं होतं.

पण टाके पाहायला वर्ध्याला गेलो तेव्हा ते पुन्हा चौकट धरून उभे राहिले. डॉक्टरनं नमस्कार केला, त्यांनी पाठ फिरवली. हे ओशाळले. म्हणाले, "मॅडम, तुमी एवढं केलं, पण त्याले काही समजत नाई. राग नका मानू."

"त्यांना समजलंय म्हणूनच राग आहे," ती म्हणाली. "मी दहा म्हटलं होतं. दहाच्या आधीच त्यांना झोप आली आणि उठले तर तोंडातून रक्त. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर मी फसवलं."

ती पहिल्या दिवसासारखीच फरशीवर बसली, आणि त्यांच्या पाठीकडे पाहून म्हणाली, "भाऊ, चुकलं माझं. झोप लागणार आहे हे मी तुम्हाला आधी नीट सांगायला पाहिजे होतं."

बाकावरच्या आया पाहत होत्या. भाऊजी बराच वेळ तसेच उभे. तिला पुढचे पेशंट होते, तरी ती उठली नाही. मग भाऊजी वळले. तिच्यासमोर खाली बसले, हाताची दहाही बोटं पसरून तिच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाले, "दहा."

"हो. दहा," ती म्हणाली.

मी लहानपणापासून पुष्कळ माफ्या ऐकल्या आहेत, मागितल्याही आहेत. पण भाऊजींची माफी मागताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. त्यांना धक्का लागला तर लोक आम्हाला सॉरी म्हणत. आम्हीसुद्धा, दीड वर्षाच्या त्या दुखण्याबद्दल, एकमेकांशी बोललो होतो, त्यांच्याशी नाही. त्या रात्री जेवणाच्या वेळी मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हटलं, "भाऊजी, आमचं लक्ष नव्हतं. चुकलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "हव," म्हणाले आणि वरणात भाकर बुडवली.

राहिला घासण्याचा प्रश्न. डॉक्टरनं पद्धत दाखवली होती: त्यांना खुर्चीवर बसवायचं, आपण मागे उभं राहायचं, त्यांचं डोकं आपल्या अंगाला टेकवायचं, म्हणजे मान स्थिर राहते आणि तोंडात नीट दिसतं. ब्रश मऊ, पेस्ट वाटाण्याएवढी. पहिले काही दिवस यांनी केलं, पण यांचा हात भांडी घासल्यासारखा चाले आणि भाऊजी ओठ मिटून घेत. उरले मी.

खरं सांगायचं तर मी संकोचले. दीर आणि भावजय, दोघंही पस्तिशीचे. त्यांचं डोकं माझ्या अंगाला टेकवून उभं राहायचं. शेजारच्या गच्चीवरून आमची मोरी दिसते. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी स्वतःच खुर्ची घेऊन अंगणात आले, बसले आणि ब्रश मागे धरून म्हणाले, "वैनी." त्यांच्या मनात काही नव्हतं. जे होतं ते माझ्याच मनात होतं. मी त्यांचं डोकं टेकवून घेतलं. उजवीकडे दहा, डावीकडे दहा, वर, खाली. चार मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी मला ती फार मोठी वाटली. आता त्या चार मिनिटांत ते मला आदल्या दिवशीच्या दुकानातलं सगळं सांगतात, तोंडात ब्रश असताना, आणि मला बरंचसं कळतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दर चार महिन्यांनी आम्ही वर्ध्याला जातो. नंतर एकही दात काढावा लागला नाही. ती डॉक्टर शिक्षण पूर्ण करून तिच्या गावाकडे गेली. जायच्या आधी तिनं भाऊजींना नव्या डॉक्टरच्या हाती सोपवलं, सगळं समजावून सांगितलं, फाइलीवर लिहूनही ठेवलं. त्या शेवटच्या खेपेला मी नारळ, खण आणि घरच्या गव्हाचे मूठभर दाणे घेऊन गेले आणि तिथेच, मगरीच्या चित्राखाली, तिची ओटी भरली. तिचं लग्न अजून व्हायचं होतं. लाजली, पण हातरुमाल पसरून तिनं ओटी घेतली. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. हे बाजूला उभे होते, ते म्हणाले, "पोरी, इकडे कदी आली तं घरी येजो." तिला मॅडम सोडून पोरी म्हणताना त्यांना मी त्याच दिवशी ऐकलं.

हिंगणीची बाई अजून भेटते. आम्ही शक्यतो एकाच दिवशी तारीख घेतो. तिचा मुलगा आता उंच झाला आहे, खुर्ची त्याला अपुरी पडते. भाऊजी त्याच्यासाठी थांबतात आणि खुर्ची ढकलायचं काम दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

शाळेत मी आता लेकरांना दात घासले का असं विचारत नाही. घरी कोणाचे दात कोण घासून देतं, असं विचारते. या प्रश्नाला वेगळी उत्तरं येतात. मागच्या महिन्यात दुसरीतली एक मुलगी म्हणाली, आमच्या मोठ्या ताईचे कोणीच घासत नाही, घासायला गेलं का ते चावते. मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. ताई सतरा वर्षांची, बोलत नाही, कोपऱ्यात बसून डोलत होती. तिची आई आधी सांगायला तयार नव्हती, मग म्हणाली, की पोरगी हप्त्यापासून जेवून नाही राह्यली, आणि मी वर्ध्याचा दवाखाना सुचवला तर तिनं विचारलं, लेकरांच्या विभागात एवढ्या मोठ्या पोरीला घेतात तरी का.

मी तिला आमच्या भाऊजींबद्दल सांगितलं. पहिल्या दिवशी काही होणार नाही, फक्त ओळख होईल, हेही सांगितलं. एकटीनं जायला ती घाबरते, म्हणून मी मंगळवारची रजा टाकली आहे. भाऊजींची तारीख नाही, पण तेही येतो म्हणतात. पुलगावच्या स्टँडवर नऊची गाडी धरायची ठरली आहे.